ठवकर काकांची बारीक चक्री

आमच्या शेजारच्या ठवकर काकांकडे पोहे खायला गेलात, तर पहिला घास तुम्हाला मिळत नाही. तो मायक्रोस्कोपला मिळतो.

"थांब बे, पहिले स्टेजवर ठेव!" असं म्हणत काका पोह्यांवरच्या कच्च्या कांद्याचा पापुद्रा काढतात, काचपट्टीवर पसरतात आणि ती पट्टी एका सपाट पाटावर चिमट्यांत अडकवतात. तो पाट म्हणजे स्टेज. मग खालचा आरसा खिडकीकडे वळवून उजेड धरायचा, आयपीसला डोळा लावायचा, आणि आपण गार होत चाललेली बशी घेऊन ताटकळायचं. मागे माझ्या बायकोनं कौतुकानं दही पाठवलं. काका जिन्यातून ओरडले, "सूनबाई, तुह्या दह्यात लय पब्लिक आहे!" तेव्हापासून आमच्याकडून त्यांना फक्त पापड जातात.

काकांनी तीस वर्षं इथल्या स्टील प्लांटच्या लॅबमध्ये पोलादाचे तुकडे घासूनपुसून मायक्रोस्कोपखाली पाहिले. रिटायर झाल्यावर सुपेल्याच्या बाजारातल्या भंगारवाल्याकडून एक जुना मायक्रोस्कोप उचलून आणला. आता सगळी कॉलनी त्यांना त्याच भाषेत दिसते. वॉचमन म्हणजे डायफ्राम: "कितीक उजेड आत सोडाचा, ते तोच ठरवते." वारलेल्या काकू म्हणजे कंडेन्सर: "सारा उजेड गोळा करून नेमक्या जागी पाडे." मी कोण, असं विचारलं, तर म्हणाले, "तू बूड. जड आहेस अन् हलत नाहीस."

पण त्यांचा खरा मंत्र दोन चक्र्यांचा. मोठी चक्री फिरवली की भिंग सर्रकन खाली येतं. बारीक चक्रीनं केसभर. "मोठ्या पावरचं भिंग काचेच्या अगदी जवळ जाते. तवा मोठ्या चक्रीले हात नाही लावाचा. काच फुटते!" आमचं नवराबायकोचं वाजलं, की भिंतीपलीकडून आवाज येतो, "बारीक फिरव, बारीक!"

हा मंत्र काका एकदाच विसरले, तेही पोटच्या पोरीपाशी. मीना नागपूरच्या एका लॅबमध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर नोकरीला लागली. पेढे घेऊन आली, तर काका कडाडले, "त्याच्यात उजेड नाही, इलेक्ट्रॉन सोडते. काचेचं भिंग नाही, चुंबकं! नळीतली हवासुदिक काढून टाकते. अन् डोळा लावाले जागाच नाही! हे काय यंत्र आहे? टीव्ही आहे टीव्ही! एवढं शिकून टीव्ही पाहाले चालली?"

पेढ्यांचा डबा टेबलावर ठेवून मीना निघून गेली. त्याला तीन वर्षं झाली. बाप बोलत नाही, लेक बोलत नाही. दोघंही अस्सल ठवकर!

परवा कळलं, मीना मावसबहिणीच्या लग्नाला बोरसीला आली आहे आणि दुसऱ्या दिवशी परत जाणार. बोरसी आमच्या कॉलनीपासून काय लांब आहे? काका सकाळपासून रिकाम्या स्टेजकडे बघत बसलेले. शेवटी मलाच राहवेना. मी नंबर लावला आणि फोन त्यांच्या हातात कोंबला.

"हॅलो?" पलीकडून मीना.

काकांचं नाक फुगलं. आता 'घरी कावून नाही आलीस' सुरू होणार, हे मी ओळखलं.

"काका," मी हळूच म्हटलं, "बारीक चक्री."

काका थबकले. "मीने... तुह्या त्या यंत्रात..."

टीव्ही नाही म्हणाले. यंत्र म्हणाले!

"...हवा काढून टाकते ना? मंग तिथं बसून तुले गुदमरत तं नाही?"

अरे देवा! हवा फक्त नळीतली काढतात, हे मला याच माणसानं दहा वेळा शिकवलं होतं. पलीकडे मीना नाक ओढत हसली. "बाबा, नळीतली काढतात. खोलीत असते हवा."

"असं का?" काका चष्मा काढून पुसायला लागले. "मले माहीतच नव्हतं. येऊन नीट समजावून सांग ना. पोहे करतो." मग जरा थांबून म्हणाले, "पहिला घास तुलेच."