शेळके सरांची सुतळी

शेळके सरांच्या खिशात एखादेवेळी पेन नसेल, पण सुतळी असणारच. माजलगावात आमच्या कॉलेजात ते जीवशास्त्र शिकवतात, मी मराठी. ही सुतळी कशाला, असं कुणी विचारलं की तो मेलाच. सर त्याला कुणाच्या तरी कमरेला बांधून दाखवतात.

एकदा मीच तावडीत सापडलो. पेशी दुभंगण्याआधी डीएनएची नक्कल कशी करते, हे पोरांना समजावायचं होतं. "या सर, तुमी कारकून," म्हणाले, आणि मला चक्क प्राचार्यांना बांधलं!

"बघा बे, डीएनए म्हंजे दोन पदरी दोर. एक जण पीळ उकलत पुढं जातो. त्याच्या मागं हे दोन कारकून, दोन पदरांची नक्कल करायला. पण पदर उलटसुलट हायेत, अन् कारकुनांना एकाच दिशेनं लिहिता येतं. म्हणून प्राचार्य सरळ लिहीत जाणार. आपले मराठीचे सर जरा पुढं जाऊन माघारी लिहीत येणार. परत पुढं, परत माघारी. तुकड्या-तुकड्यानं. तुकडे मागून जोडून घ्यायचे."

"अन् सुतळी कावून?" मी वैतागून विचारलं.

"पुढचा एकटाच पळाला तर दुसरा पदर उघडा पडतो, तुटतो. म्हणून दोघं बांधलेले. मागच्याला टाकून जायचं न्हाई!"

प्राचार्य जोशात पुढं निघाले, मी माघारी लिहीत होतो. सुतळी ताणली आणि आम्ही दोघं टेबलावर आडवे. पोरं खिदळली. चाचणीत तर एकानं लिहिलं, 'पेशीत दोन मास्तर असतात, त्यातले मराठीचे पडतात.' सरांनी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले. मी आठ दिवस त्यांच्याशी बोललो नाही.

मधली सुट्टी झाली की हे गृहस्थ गायब. घरी डुलकी काढत असतील, असं आम्ही म्हणायचो, आणि सगळ्यात मोठ्यानं मीच हसायचो. एका दुपारी सही घ्यायला त्यांच्या घरी गेलो आणि फाटकातच थबकलो.

सरांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, वर्षापूर्वी अर्धांगवायूचा झटका आला होता. 'बरी हाय आता,' एवढंच सर सांगायचे. अंगणात वहिनींच्या कमरेला सुतळी, तिचं दुसरं टोक सरांच्या कमरेला. सर वहिनींकडं तोंड करून उलटे चालत होते. चार पावलं, थांबा. परत चार पावलं, थांबा.

"पोरगी यायची हाय बाळंतपणाला," सर मला म्हणाले. "तिच्यावरून भाकरतुकडा हिलाच ओवाळून टाकायचाय. फाटकात, आपल्या पायानं येऊन. डॉक्टर म्हणले, अवघड हाय."

"पण सुतळी कावून?" मी पुन्हा तेच विचारलं, या खेपेला हळू.

"मी लई झपाझप चालायचो हो. लग्नापासून ही मागून 'थांबा की' म्हणायची. कधी थांबलो न्हाई. आता सुतळी थांबवती."

मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

मुलगी यायच्या दिवशी मी रजा टाकून गेलो. फाटकाबाहेर रिक्षा थांबली. वहिनी दारातून निघाल्या, धडधाकट डाव्या हातात भाकरीचा तुकडा. पुढं सर, उलटे. मुलगी पोट सावरत उतरली, आईला बघून आत यायला लागली, तसे सर मागं न बघताच ओरडले, "थांब तिथंच! आई येती हाय."

मधेच वहिनी डगमगल्या. मी पुढं झालो, सरांनी हातानं अडवलं. "असू दे. चारच पावलं." वहिनींनी दम घेतला. पुन्हा चार. पुन्हा थांबा. शेवटी सरांची पाठ फाटकावर धाडकन आपटली.

"पोचलो!"

सर बाजूला सरकले, मुलीनं फाटक उघडलं. वहिनींनी तुकडा मुलीवरून ओवाळला आणि लांब टाकला. मग सरांकडं बघून एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "आता... तुमी... वळा. लेक... बघा."

इतका वेळ लेकीकडं पाठच होती त्यांची. सर वळले, पण डोळे इतके भरले होते की मुलगी त्यांना दिसली की नाही, कोण जाणे. मी त्यांच्या कमरेची सुतळी सोडायला वाकलो.

"राहू द्या सर," ते नाक पुसत म्हणाले. "माघारी बी जायचंय."