दोह्यातलं मतदान केंद्र

आमच्या खोलीत संध्याकाळची भाजी मतदानाने ठरायची. हसू नका. हात वर करून नाही, ओरडून नाही, पत्ते काढून नाही. खाटेला चादर बांधून, आडोसा करून, एकेकाने आत जायचं आणि चिठ्ठी डब्यात टाकून गुपचूप बाहेर यायचं. या सगळ्या थाटाचे कर्तेधर्ते होते कासमचाचा.

सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर साल असेल. दोह्यात ओल्ड एअरपोर्टकडच्या एका जुन्या व्हिलात कंपनीने आम्हा सहा जणांना एक लांबलचक खोली दिली होती. मी कराडकडचा, कंपनीच्या पिकअपवर ड्रायव्हर. चाचा रत्नागिरीच्या खाडीकाठचे, कंपनीत स्टोअरकीपर. वयाने पन्नाशी ओलांडलेली, मेंदी लावलेली दाढी, इस्त्रीचा शर्ट आणि खाली लुंगी. खोलीत सगळ्यांत आधी आलेले तेच, त्यामुळे त्यांच्यापुढे कुणाचं काही चालायचं नाही. चालायचं ते फक्त मतदान.

दूधपावडरचे रिकामे डबे त्यांनी जपून ठेवले होते. प्रत्येकाच्या झाकणाला पत्रा कापायच्या कात्रीने चीर पाडलेली. जितक्या भाज्या तितके डबे, कारण चाचांच्या मते खरं मतदान तेच. "एकाच पेटीत सगळ्यांची मतं? ती काय पेटी झाली? खिचडी झाली!" एकदा मी हौसेने भेंडीच्या डब्यावर भेंडीचं चित्र काढलं, तर माझ्यावर केवढे उखडले! "अरे मेल्या, उमेदवाराचा फोटो लावतोस काय? निशाणी लाव, निशाणी!" मग भेंडीला बैलगाडी मिळाली आणि मसुरीला झाड. आमचा वेल्डर शिंदे बिचारा आठवडाभर बैलगाडी समजून झाडाला मत देत राहिला आणि रोज मसूर खाऊन आम्हालाच शिव्या घालत राहिला.

मत देऊन बाहेर आलं की चाचा स्टॅम्पपॅडची निळी शाई बोटाला फासायचे. त्याच बोटांनी आम्ही जेवायचो. एकदा कंपनीचा मुदीर, म्हणजे आमचा मॅनेजर, तपासणीला आला. बघतो तर लोक एकामागून एक चादरीआड जातायत आणि निळं बोट घेऊन बाहेर येतायत. त्याला वाटलं, खोलीत कसलीतरी साथ आलीय आणि चाचा डॉक्टर आहेत. चाचांनी त्याला खजुराची ताटली पुढे केली, "शुक्रन, शुक्रन" म्हणत दारापर्यंत पोचवलं आणि परत येऊन म्हणाले, "यल्ला, मतदान चालू!"

निकाल लागला की कुणीतरी चिडवायचंच. "शिंद्या, तूच भेंडीला पाडलंस ना?" की चाचा ताडकन उठायचे. "मत मागावं. दिलंस काय, ते विचारू नये!" हे वाक्य दिवसातून पाच वेळा तरी कानावर पडायचं. आम्ही त्यांच्या पाठीमागे त्याची नक्कल करायचो.

हे खूळ आलं कुठून, ते एका शुक्रवारी मटण शिजत असताना कळलं. देश नुकता स्वतंत्र झालेला, आणि मुंबईच्या विधानसभेची पहिली निवडणूक. आमचे चाचा त्या निवडणुकीला उभे होते! आईशप्पथ, आमचा कुणाचाच विश्वास बसेना. ऐन पंचविशीत, अपक्ष, निशाणी शिडी. समोर गावचा खोत.

"मतदान म्हणजे काय, कुणाला ठाऊक होतं तेव्हा?" चाचा सांगत होते. "होडीने खाडी ओलांडून वाडीवाडीत जायचो. अंगणात पेट्या मांडायच्या, कागद कसा घ्यायचा, घडी कशी घालायची, चिरेतून आत कसा सोडायचा, सगळं म्हातारीकोतारीकडून करून घ्यायचो. लोक पेटीवर फूल ठेवायचे, हात जोडायचे. कागद वर ठेवून जायचे. मी म्हणायचो, अगं आत टाक, देवाला वाहायचा नाय तो!"

"मग?" शिंदेने विचारलं.

"मग काय! सगळ्यांना मत द्यायला शिकवलं, आणि शिडीला द्या हे सांगायचंच राहिलं." चाचा पोट धरून हसले. "शिकलेली माणसं सगळी खोताच्या पेटीकडे गेली. कागद बरोबर आत टाकला हो प्रत्येकाने! एक बाद नाय!"

आम्हीही हसलो. मग ते मटण ढवळायला उठले आणि पाठ करूनच म्हणाले, "आमच्या गावच्या केंद्रावर माझ्या पेटीत एकच कागद निघाला. तो माझा. घरात मतं मात्र दोन होती."

दुसरं मत त्यांच्या बायकोचं, मरियमचाचींचं.

"तुम्ही विचारलं नाही?" मी म्हणालो.

"विचारायचं कसं? गावभर मीच सांगत फिरलो होतो ना, की नवऱ्यानेसुद्धा विचारायचं नाय म्हणून." मीठ घातलं, चाखून पाहिलं. "खलास. जेवा."

हरल्यावर त्यांना गावात तोंड दाखवायला नको वाटायला लागलं. मुंबईच्या गोदीत गेले, तिथून बोटीने इकडे. दोन वर्षांनी एकदा दोन महिने घर, बाकी सगळा जन्म इथे. चाची गावातच. एवढ्या काळात चाचांनी तो विषय काढला नाही, आणि चाचींनीही नाही.

त्या वर्षी पावसाळ्यात चाचींचं हृदयाचं दुखणं वाढलं. मिरजेला ऑपरेशन ठरलं. चाचा सुटीसाठी मुदीरच्या मागे लागले, पण स्टोअरची मोजदाद चालू होती आणि पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. "इन्शाल्ला, पुढच्या महिन्यात," एवढंच उत्तर. खोलीतलं मतदान बंद पडलं. जो उठेल तो मसूर चढवायचा.

मग मुलीचा निरोप आला. ती चिपळूणला राहायची, जावयाच्या दुकानात फोन होता; चाची तिच्याकडेच येऊन राहिलेल्या. निरोप असा: अम्माला ऑपरेशनच्या आधी तुमच्याशी बोलायचंय. म्हणते, अब्बांनी मला एक गोष्ट कधी विचारली नाही, आता तरी विचारा म्हणावं.

चाचांना कोणती गोष्ट ते लगेच कळलं. मलाही. रात्रभर कूस बदलत होते. सकाळी चहा घेताना मी म्हटलं, "चाचा, विचारून टाका की. इतकी वर्षं झाली, आता कसला कायदा?"

"कायद्याचं नाय रे," ते म्हणाले. "ऐकून घ्यायची हिंमत पाहिजे."

संध्याकाळी मी त्यांना पिकअपने टेलिफोन ऑफिसात नेलं. तिथे कॉल बुक करून बाकड्यावर बसून राहायचं. हॉल माणसांनी भरलेला. मलबारी, पंजाबी, आपले कोकणातले. एकेकाचं नाव पुकारलं की तो लाकडी केबिनमध्ये शिरायचा आणि सगळ्या हॉलला घरची खुशाली ऐकू जायची. चाचांचं नाव आलं. लाइन इतकी खराब की पलीकडचं प्रत्येक वाक्य ते ओरडून परत विचारत होते.

"हॅलो! मरियम? कशी आहेस? ...दवाखान्यात उद्या? ...बरं. ...होय, होय, विचारतो. विचारतो म्हणालो ना!" मग रिसीव्हर या कानाचा त्या कानाला केला. आणि एकदम घशाच्या शिरा ताणून, "तेव्हा कुणाच्या पेटीत टाकलं होतंस?"

हॉलमधले कोकणातले तीन-चार जण वळून बघायला लागले.

"काय? ...खोताच्या? ...मोठ्याने बोल! ...मी निवडून आलो असतो तर काय? ...मुंबईला गेलो असतो? ...तिथेच राहिलो असतो? ...आणि तू एकटी..."

यापुढची वाक्यं त्यांनी परत विचारली नाहीत. रिसीव्हर कानाला घट्ट धरून नुसते ऐकत राहिले. काचेतून मला त्यांची पाठ दिसत होती. ऑपरेटरने वेळ संपत आल्याचं सांगितलं, तेव्हा ते एवढंच बोलले, आणि ते ओरडून नाही: "बरोबर केलंस. अगदी बरोबर केलंस, मरियम."

बाहेर येऊन पिकअपमध्ये बसले. मी किल्ली लावली, पण गाडी सुरू करवेना. चाचांनी रुमालाने तोंड पुसलं.

"दत्ता, इकडे यायला निघालो ना, तेव्हा मी तिला एका शब्दाने विचारलं नव्हतं. तिकीट काढलं आणि सांगितलं."

मी गाडी सुरू केली.

"उद्या सकाळी मला ऑफिसात सोड," ते म्हणाले. "सुटी नको म्हणून सांगतो. पासपोर्टच परत मागतो."