खाली केले की वर

वायरमनने जीपच्या बॉनेटमधून डोकं बाहेर काढलं आणि लढाईचा हुकूम सोडावा तसा आवाज दिला, "लाव!"

स्टिअरिंगपाशी बसलेल्या बायकोने बटण ओढलं. बंपरवरचे दोन नवेकोरे स्पॉटलाइट भक्कन पेटले. समोरच्या भिंतीवर भर उन्हात उजेडाचे दोन गोळे उमटले.

"अहो, पण इथे काट्यांशेजारचा हा निळा दिवा..."

"मध्ये बोलू नकोस. वीज आहे ही, भाजी नव्हे!"

ती गप्प बसली. गप्प बसायची तिला सवय होती. दिवेलागणीपासून तासभर ती रोज मौन धरी. देव दिवसभर आपलं ऐकतो, घटकाभर आपण त्याचं ऐकावं, एवढाच तिचा हिशेब.

जीप सासऱ्यांची होती. आता वयोमानाने त्यांनी गाडी चालवणं सोडलं होतं आणि जावयाला तर शिडी, वायरची बंडलं न्यायला गाडीची निकड होती. पण सासरे पडले जन्मभर ट्रक हाकलेले. म्हणाले, "मुलगी देताना फार विचार केला नाही, गाडी देताना करणार. संध्याकाळी घाटापलीकडे माझ्या ताईकडे पोचवा मला. जमलं तर किल्ली तुमची."

म्हणून तर स्पॉटलाइटचा हा थाट. बेत साधा होता. हेडलाइटचा झोत वर असला की स्पॉटलाइटही पेटावेत. समोरून कुणी आलं, झोत खाली घेतला, की ते आपोआप विझावेत. अर्ध्या गावाच्या घरांत उजेड पाडलेल्या माणसाला त्यात काय अवघड? दिवा लागला की काम संपलं, हा त्याचा शिरस्ता. त्याने हत्यारं गुंडाळली.

दिवेलागणीला गाडी घाटाला लागली. शेजारी सासरे, मागे मौनात बायको. वायरमनने हेडलाइट लावले. स्पॉटलाइटनी सगळं वळण उजळून टाकलं.

"बघा दादा, उजेड!"

"दिसतोय. ट्रक येतोय, झोत खाली घ्या."

या जुन्या जीपमध्ये झोत वर-खाली करायचं बटण पायाशी होतं. दर वेळी एकच दाबायचं. वायरमनने ऐटीत दाबलं. स्पॉटलाइट विझले. तरी ट्रकवाला पों-पों करत दिवे मिचकावू लागला.

"याला काय झालं आता?" म्हणत वायरमनने पुन्हा दाबलं. स्पॉटलाइट दुप्पट जोमाने ट्रकवाल्याच्या डोळ्यांत घुसले. शेजारून जाता जाता त्याने खिडकीतून डोकं काढून वायरमनच्या सात पिढ्यांची आस्थेने चौकशी केली.

"नजर अधू असणार त्याची," वायरमन म्हणाला.

पुढच्या टेम्पोवाल्याचीही नजर अधू निघाली. मग मोटारवाल्याची. मग एका अख्ख्या बसची.

"जावईबापू, आज घाटात नेत्रशिबिर आहे का?" सासऱ्यांनी विचारलं.

मागून बायकोने नवऱ्याच्या खांद्यावर टिचकी मारली, समोरच्या निळ्या दिव्याकडे बोट दाखवलं आणि तळहात उताणा-पालथा केला.

"हो गं, छान दिसतोय निळा," वायरमन खुशीत म्हणाला. "पण हात काय हलवतेस? गाडी लागतेय का?"

तिने कपाळाला हात लावला.

घाटमाथ्यावर पोलिसाने शिटी मारली. "समोरून गाडी आली की झोत खाली घ्यायचा, ठाऊक नाही?"

"साहेब, खाली घेतला की वर जातो."

"मला शिकवता? घ्या खाली!"

वायरमनने दाबलं. पोलिसाने डोळ्यांपुढे टोपी धरली. "खाली म्हटलं मी!" वायरमनने पुन्हा दाबलं. पोलीस दोन पावलं मागे सरकला.

"साहेब," वायरमनने नम्रपणे विचारलं, "हे बरं वाटतंय की आधीचं?"

तेवढ्यात मागच्या सीटवर हात जोडले गेले. मौन सुटलं होतं.

"साहेब, झोत वर असला की हा निळा दिवा लागतो," ती हळू आवाजात म्हणाली. "यांचे स्पॉटलाइट नेमके तो विझला की पेटतात. उलटं जोडलंय. मी दुपारीच सांगत होते."

वायरमनचा हात कानामागे गेला. घरात बटण वीज येण्याच्या वाटेवर असतं. त्याने इथेही तसंच धरलं होतं. या जुन्या जीपमध्ये ते वीज परत जाण्याच्या वाटेवर असणार! म्हणजे सगळं उफराटं.

"तरी उजेड कसा पडला, ते बघा की," तो पुटपुटला. पोलीस काहीच बघायच्या स्थितीत नव्हता. डोळे चोळत त्याने स्पॉटलाइटची वायर तिथल्या तिथे काढायला लावली, तंबी दिली आणि सोडलं.

वायरमन परत आला तेव्हा किल्ली सासऱ्यांच्या हातात होती. त्याचा चेहरा पडला. शिडी पुन्हा खांद्यावर.

"गाडी दिली," सासरे म्हणाले, आणि किल्ली त्यांनी मागे, लेकीच्या हातात ठेवली. लग्नाआधी याच जीपवर त्यांनी तिला शिकवलं होतं. "शिडी न्यायची असेल तर हिला विचारा. आता ही चालवेल."

वायरमन मागे बसला. तिने देवाचं नाव घेतलं आणि गाडी उताराला लावली. निळा दिवा वेळेवर लागत होता, वेळेवर विझत होता. समोरून आलेला एक ट्रकवाला तर तिला हात करून गेला.

वायरमनला राहवेना. "अगं, इथे दुसरा गिअर..."

"मध्ये बोलू नका," ती गोड आवाजात म्हणाली. "घाट आहे हा, भाजी नव्हे."