शेवटच्या टाकीतले मासे

कापड रंगवायच्या कारखान्यात सांडपाणी शुद्ध करणाऱ्या गृहस्थांना सगळे ‘पाणीवाले’ म्हणत. माणूस कामाला पक्का. पण लाल-निळं पाणी नितळ करून नदीत सोडावं त्यांनी आणि शाबासकी मिळावी रंगवणाऱ्यांना, ही त्यांची कायमची खंत होती.

अशात नदीत पाणी सोडायचा परवाना संपत आला. नवा मिळाला नाही तर कारखान्याला कुलूप. मालकांची झोप उडाली. पाणीवाल्यांनी मात्र त्यांना बिनधास्त राहायला सांगितलं आणि बाजारातून मासे आणून शेवटच्या टाकीत सोडले. मासे मजेत पोहताहेत म्हटल्यावर परवान्यासाठी येणाऱ्या तपासनीस बाई आणखी कसला पुरावा मागणार?

पुरावा सगळ्यांना फारच आवडला. सुट्टीत जो तो टाकीशी यायचा आणि रिकाम्या हाताने यायचं कसं, म्हणून पाव टाकायचा. मालक बिस्किटं टाकायचे. पुरावा जरा बाळसेदार दिसावा म्हणून पाणीवालेही मूठ मूठ खाद्य टाकायचे. मासे असे सुटले की वळताना त्यांना धाप लागावी.

बाई आल्या. त्यांनी माशांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. टाकीतलं पाणी बाटलीत भरलं आणि गेल्या. आठवड्याने निकाल आला: नापास.

मालकांनी कपाळाला हात लावला. पाणीवाल्यांना तर रडूच यायचं बाकी होतं. पण आपल्या पाण्यावर त्यांचा भरवसा होता. त्यांनी तडक बाईंचं ऑफिस गाठलं आणि फेरतपासणी मागितली. या खेपेला बाईंनी एक बाटली टाकीतून भरली आणि एक टाकीत येणाऱ्या नळातून.

“तुमचं पाणी चांगलंच आहे,” दोन्ही तपासून झाल्यावर बाई म्हणाल्या. “घाण केलीय ती माशांनी आणि त्यांना भरवणाऱ्यांनी.”

मालकांनी बिस्किटांचा पुडा हळूच खिशात ढकलला.

मासे हलवायच्या अटीवर परवाना मिळाला. बाईंनी नळातून भरलेली बाटली उजेडात धरली, तेव्हा पाणीवाल्यांनी चाचरत विचारलं, “काही दिसतंय?”

“काहीच नाही. असं पाणी फार कमी ठिकाणी बघायला मिळतं.”

पाणीवाल्यांनी स्वतःही बाटलीत डोकावून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सुट्टीत मंडळी सवयीने टाकीशी जमली. रंगवणाऱ्यांपैकी एकजण वाकून वाकून बघत म्हणाला, “आता यात काहीच दिसत नाही की हो.”

पाणीवाल्यांनी त्याला ऐटीत पुढे घेतलं.

“बघा, बघा. नीट बघून घ्या.”