दीडशे कोबी आणि एक किल्ला

प्यो किबॉमला स्वतःविषयी एक गोष्ट पक्की ठाऊक होती: पडद्यावरची तलवार हातात आली की त्याच्यासारखा सेनापती अख्ख्या कोरियात नाही! खरी सुरी हातात आली की त्याला कांदाही धड चिरता येत नसे, पण तो मुद्दा वेगळा. दिवसभर तो सोलमधल्या एका कंपनीत बंद पडलेल्या लिफ्टच्या तक्रारी लिहून घ्यायचा आणि उरलेल्या वेळात 'काळा गरुड' व्हायचा.

नवा ऑनलाइन खेळ आला की काळ्या गरुडानं तो आठवडाभर खेळायचा आणि खेळाडूंच्या मंचावर अभिप्राय लिहायचा, असा रिवाजच पडला होता. 'चित्रं देखणी, राक्षस आळशी,' असं त्यानं एकदा लिहिलं, तर म्हणे पुढच्याच महिन्यात त्या खेळातले राक्षस चपळ झाले. असं म्हणणारा तो स्वतःच होता, ही गोष्ट सोडून द्या.

त्यामुळे नोव्हेंबरात 'नऊ चंद्रांचं राज्य' हा खेळ सुरू झाला तेव्हा अकरा हजार माणसं त्याच्या अभिप्रायाकडे डोळे लावून बसली. आणि आमच्या गरुडाला जोर चढला! त्यानं मंचावर लिहिलं, "पहिल्या शनिवारी दुपारी बारा ते एक राखेच्या किल्ल्यासाठी युद्ध आहे. किल्ला मी घेणार! अभिप्राय लिहीन तो किल्लेदार म्हणूनच. नाही घेतला, तर काळा गरुड पुन्हा कधी एक अक्षर लिहिणार नाही!"

माणसानं प्रतिज्ञा करण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर बघावं.

"शनिवारी किमजांग आहे," त्याची बायको सोनजू म्हणाली. किमजांग म्हणजे सगळ्या घरादारानं मिळून हिवाळ्याची किमची, म्हणजे कोबीचं आंबवलेलं तिखट लोणचं, घालायचा दिवस. "आईनं दीडशे गड्डे खारवायला घेतलेत."

"दीडशे? आपण खातो किती?"

"गेल्या वर्षी तू एकही गड्डा भरला नाहीस आणि डबे मात्र चार उचलून आणलेस."

"माझं पोट दुखत होतं!"

"हो ना. एका हातानं पोट धरलं होतंस आणि दुसऱ्या हातानं ड्रॅगन मारत होतास. आई काही बोलली नाही. ते जास्त वाईट असतं."

ते खरं होतं. सासूबाई ओकबुन ग्वेसान गावच्या. तिकडची माणसं बोलतात सावकाश, आणि त्यांचा टोमणा लागतो तो तुम्ही घरी पोचल्यावर. किबॉमनं ताबडतोब फोन करून सांगितलं, "आई, यंदा कंबर मोडेपर्यंत काम करीन!"

"बरं बरं. कंबर मोडली की सांगा, दुसरा कोणीतरी बघू," सासूबाई म्हणाल्या.

पण गरुडाजवळ युक्ती होती. त्याच्या टोळीत आणखी अडतीस खेळाडू होते, आणि या खेळात त्यांचे सैनिक आपोआप लढतात. सेनापतीनं नुसता हुकूम द्यायचा. हात लागतो तो एकदाच, अगदी शेवटी. किल्ल्यातल्या सिंहासनावर टोळीच्या प्रमुखानं आपल्या फोनवर बोट ठेवायचं आणि पूर्ण एक मिनिट उचलायचं नाही. बस्स, किल्ला आपला! म्हणजे फोन पारदर्शक पिशवीत घालून मसाल्याच्या परातीला टेकवून ठेवला, समोर मुळ्यांचा ढीग रचला आणि लोकरीच्या टोपीखाली कानात बिनतारी इयरफोनचं एक बोंडूक बसवलं, की झालं. साप भी मरे, लाठी भी न टूटे!

शनिवारी ग्वेसानला सासूबाईंच्या अंगणात निळी ताडपत्री अंथरली होती. निथळलेल्या कोबीचे डोंगर, लालभडक मसाल्याची बाथटबएवढी परात. सासूबाई फुलाफुलांची जाड बंडी घालून मधोमध बसल्या होत्या.

"आलात जावईबापू? एवढी घाई कशाला केलीत? डिसेंबरात आला असतात तरी चाललं असतं."

किबॉम गुलाबी रबरी हातमोजे चढवून गपगुमान मिरानवहिनीशेजारी बसला. मिरान ही सोनजूच्या थोरल्या भावाची बायको. तिचा हात असा, की डोळे मिटून तासाला चाळीस गड्डे भरायची. डोळे तिला लागायचे ते फक्त गप्पा मारायला.

बाराचा ठोका पडला. किबॉम टोपीतल्या टोपीत पुटपुटला, "डावीकडून चढा!"

"कोण चढा?" वहिनीनं विचारलं.

"पान… डावीकडचं पान चढलंय."

"कोबीला डावीकडचं पान असतं?"

"नीट बघितलं तर असतं."

बारा वीसला किल्ल्याचं दार फुटलं! आनंदाच्या भरात किबॉमचा गुडघा परातीला लागला, आणि नेमक्या त्याच वेळी सासूबाईंनी हाक मारली, "जावईबापू, भरलेले डबे ओसरीवर नेऊन ठेवा."

तो डबे ठेवून परत आला तर फोन जाग्यावर नाही! पिशवी घसरून मसाल्यात गेली असणार, आणि वहिनी तर बहिणीच्या नव्या घराची हकिगत सांगण्यात रंगली होती. तिनं मसाल्याबरोबर पिशवीही गड्ड्यात दाबली, वरून पान गुंडाळलं आणि गड्डा डब्यात बसवून डबा रवाना केला होता. ओसरीवर एकसारखे बावीस डबे! सेनापती किमचीत आणि कानात आरडाओरडा, "गरुड! सिंहासन दिसतंय! कुठे आहात?"

डबा जवळ असेल तर कानातला आवाज स्पष्ट येईल, असा हिशेब करून किबॉम एकेका डब्याला कान लावत ओसरीवर रांगायला लागला.

"काय ऐकताय?" मागून सासूबाईंचा सावकाश आवाज आला.

"आंबतेय का बघतोय, आई."

"आत्ता भरलीय ती."

"तेच म्हणतो. अजिबात आवाज नाही."

असं म्हणून तो घाईनं उठला. टोपी खुंटीला अडकली आणि कानातलं बोंडूक थेट मिठाच्या पाण्याच्या बादलीत पडलं! फोनला कानातलं बोंडूक सापडेना, म्हणून त्यानं आपलं तोंड, म्हणजे स्पीकर, उघडलं. खालून तिसऱ्या डब्यातून भसाडा आवाज आला, "मेलो! मेलो! कोणीतरी वाचवा!"

मिरानवहिनी किंचाळली. तिच्या हातातला गड्डा सोनजूच्या मांडीवर पडला. सासूबाई मात्र किंचाळल्या नाहीत. त्या हळूहळू ओसरीवर चढल्या, डबा काढला, गड्डा काढला, पान उलगडलं आणि मसाल्यानं माखलेली पिशवी बोटानं पुसली.

"माझ्या किमचीत कोण मरतंय?"

तोच आवाज म्हणाला, "मी रक्तपिपासू. उपसेनापती. तुम्ही कोण?"

"किमची माझी आहे. विचारायचं मी."

सोनजूनं नवऱ्याकडे पाहिलं. धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं किबॉमला झालं, पण धरणीवर ताडपत्री होती. त्यानं सगळं कबूल केलं. किल्ला, सिंहासन, एक वाजेपर्यंतची मुदत.

"शब्द दिलाय हो, आई!"

"कोणाला?"

"अकरा हजार लोकांना."

"अस्सं. आणि मला दिला होतात तो? मी एकटीच, म्हणून चालतंय होय?"

किबॉमला खरोखर लाज वाटली. गेल्या वर्षीचे चार डबे आठवले. त्यातली शेवटची किमची त्यानं ऑगस्टात बोटं चाटत संपवली होती. त्याची मान खाली गेली.

सासूबाईंनी फोनची पिशवी बंडीला पुसून स्वच्छ केली. "दिलेला शब्द पाळायला तर हवा. माझ्या पोरीचा नवरा खोटा पडला तर गावात तोंड मला लपवावं लागेल. पण हात थांबवायचे नाहीत. तुम्ही गड्डे भरा. यांच्याकडे मी बघते."

आणि त्या फोन घेऊन ओसरीवर बसल्या.

"रक्तपिपासू, बाळ, जेवलास का?"

"नाही, आजी."

"वय काय तुझं?"

"तेवीस."

"आणि हा मघापासून रडतोय तो?"

"मी वज्रमुष्टी. एक्कावन्न पूर्ण, बाई."

झालं! कोरियात माणसं वय कळल्याशिवाय पाणीसुद्धा नीट ओतत नाहीत, पण इथे टोपणनावांच्या आड आठवडाभर कोणी कोणाला वय विचारलं नव्हतं. हा तेवीस वर्षांचा रक्तपिपासू या एक्कावन्न वर्षांच्या माणसाला रोज 'अरे गाढवा' म्हणत होता!

"काका! माफ करा! मला कल्पना नव्हती!"

"असू दे रे. चूक माझीच. मी पळून जायचो."

"नाही काका, पळणं तुमचा हक्क आहे!"

मग सगळेच एकमेकांना वय विचारू लागले आणि जो तो दुसऱ्याची माफी मागू लागला. शत्रूचे बाण येतायत आणि आमची फौज सिंहासनासमोर वाकून नमस्कार करतेय! बारा चव्वेचाळीस!

"माफी जेवताना मागा," सासूबाई म्हणाल्या. "आधी सांगा, तुम्ही सगळे एकदम त्या दारात का घुसताय?"

"लढतोय, आजी."

"माझ्या अंगणात सगळे एकाच परातीत हात घालत नाहीत. एकानं धुवायचं, एकानं निथळायचं, एकानं भरायचं, एकानं डबे उचलायचे. जाड चिलखताचे कोण? तुम्ही बाहेरची पानं. मार तुम्ही खायचा. कोवळे आत. औषध देणारे मधे मधे, मसाल्यासारखे. आणि पन्नाशीच्या पुढचे मागे बसा, गुडघे सांभाळा. एक दमला की पुढचा. उरकायचं आहे, पण घाई नाही!"

खाली ताडपत्रीवर किबॉम एकीकडे गड्डे भरत होता, एकीकडे मान वेळावत होता. "आई, उजवीकडे जादूगार आहे!"

"जावईबापू, ते पान कोरडं राहिलं."

बारा अठ्ठावन्नला वाट मोकळी झाली. प्रमुखाचं बोट हवं होतं! किबॉम धावत आला, पण मसाल्यानं निथळणारा हातमोजा निघेना. तो ओढतोय, वहिनी ओढतेय, हातमोजा नुसताच गाजरासारखा लांब होतोय! सासूबाईंनी शांतपणे आपला हातमोजा काढला आणि पन्नास वर्षं मिठात मुरलेला अंगठा सिंहासनावर ठेवला.

"आई, एक मिनिट उचलायचा नाही! काहीही झालं तरी!"

"मला सांगताय? दाबलं की सोडायचं नाही. हवा राहिली की किमची नासते."

शत्रूंनी झोडपलं, आग ओकली, फोन थरथरला. अंगठा हलला नाही. मिरानवहिनी जन्मात पहिल्यांदा मिनिटभर गप्प बसली. आणि एकला दोन सेकंद कमी असताना तुताऱ्या वाजल्या! 'राखेचा किल्ला: किल्लेदार काळा गरुड!' घोडं गंगेत न्हालं!

फोनमधून अडतीस गळे ओरडले, पण "गरुड की जय" कोणीच म्हटलं नाही. सगळे "आजी! आजी!" करत होते. वज्रमुष्टीसुद्धा!

"पुरे. आता जेवा," सासूबाई म्हणाल्या. "घरात काय आहे?"

"नूडल्स."

"बरोबर किमची?"

एकजण हळूच म्हणाला, "दुकानातली."

सासूबाईंनी पाटावर उकडलेलं डुकराचं मटण कापायला घेतलं होतं. त्यांनी सुरी खाली ठेवली. त्या आवाजानं त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. "पुढच्या शनिवारी मुळ्याची किमची घालायचीय. या सगळे. डबे आपापले आणा."

रविवारी किबॉमनं किल्लेदार म्हणून दणक्यात अभिप्राय लिहिला. त्याखाली चारशे प्रश्न आले आणि सगळ्यांचा अर्थ एकच होता: त्या बाई कोण?

पुढच्या शनिवारी एक बस भरून ग्वेसानला आली. रक्तपिपासू हा चष्मा लावणारा, लाजाळू पोरगा निघाला. वज्रमुष्टीकाका शाळेत संगीत शिकवत. ताडपत्रीवर सगळे वयानुसार बसले आणि मुळे सोलू लागले. कोणी कोणाला गाढव म्हटलं नाही. बाराला पाच मिनिटं कमी असताना किबॉमला एकाएकी आठवलं.

"किल्ला! अरे, युद्ध दर शनिवारी असतं, आज शत्रू परत येणार! उठा!"

अडतीस जणांनी कोपरापर्यंत लाल झालेले हात वर करून दाखवले.

"आई, तुम्ही तरी सांगा यांना!"

"येऊ देत की," सासूबाई मुळा चाखत म्हणाल्या. "एवढी घाई आहे बिचाऱ्यांना, तर घेऊन जाऊ देत."

बारा वाजून दोन मिनिटांनी राखेचा किल्ला पडला. आत एक माणूस नव्हता! खेळ सुरू झाल्यापासून एवढ्या स्वस्तात गेलेला तो पहिलाच किल्ला.

किबॉम ओसरीच्या कोपऱ्यात बसला आणि स्वच्छ धुतलेल्या बोटांनी त्यानं मंचावर अभिप्रायाची पुरवणी लिहिली: 'चित्रं देखणी. राक्षस चपळ. मात्र चांगला सेनापती खेळासोबत मिळत नाही, तो लग्न करून मिळवावा लागतो.'

पाठवून होतं न होतं तोच खाली पहिलं उत्तर उमटलं. खातं नवंकोरं होतं, सकाळीच रक्तपिपासूनं उघडून दिलेलं. नाव होतं ओकबुन.

'लिहून झालं असेल तर डबे उचला.'