खलनायकाची शोकसभा

सबनीस काका सिनेमात खलनायकासाठी उभे राहतात. राष्ट्रगीताला राहतात तसेच, हात सरळ खाली सोडून. पडद्यावर दुष्ट माणूस मेला की हे उठलेच. मागून "ओ दादू, बोशून ना!", म्हणजे आजोबा बसा ना, असा बंगालीत ओरडा होतो, कुणी पॉपकॉर्न फेकतं. काका हलत नाहीत. पुरतं एक मिनिट झालं की "झाली फाइल बंद" म्हणून बसतात. शेजारी मी, पडदा सोडून स्वतःच्या चपलांकडे बघत.

बँकेने माझी बदली कोलकात्याला केली आणि डमडमला घर मिळालं. त्या इमारतीत मराठी बोलणारे हे एकटेच, तेव्हा माझ्या गळ्यात पडले. केंद्र सरकारच्या कचेरीतून निवृत्त झालेले. तिथे कुणी वारलं की शोकसभा भरवायचं काम वर्षानुवर्षं यांच्याकडे. निवृत्तीनंतर आपली माणसं गाशा गुंडाळून महाराष्ट्रात परततात. हे मात्र काकू गेल्यावरही इथेच चिकटून राहिले. "का हो?" विचारलं की म्हणायचे, "साताऱ्यात असलं दही मिळत नाही."

काकांना सिनेमा फक्त सुडाचा लागतो. सध्याचा त्यांनी तीनदा पाहिला होता. एका मुलीला दारुड्यांची गाडी चिरडते आणि तिचा बाप गाडीतल्या चौघांना एकेक करून संपवतो, एवढीच गोष्ट. शनिवारी चौथ्या खेपेला मला ओढून नेलं, सियालदहजवळच्या थिएटरात, दुपारच्या खेळाला.

बापाने पिस्तूल काढलं की काका दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायचे. वय बहात्तर! आणि गोळी लागली की लगेच शोकसभा. अहो, एक काय ते ठरवा!

शेवटी गाडी चालवणारा उरतो. गुडघे टेकून रडतो, "मेरे पापा अकेले हैं" म्हणतो. तरी बाप गोळी झाडतो. या वेळी शिट्टी आली नाही. काका उठले. मिनिट झालं, दोन झाली. मी बाही ओढली, तरी दिवे लागेपर्यंत ते तसेच उभे होते.

बाहेर मातीच्या भांड्यातला चहा घेताना माझा तोल सुटला. "काका, शरम वाटते मला. तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?"

"तेच कळत नाही रे," ते म्हणाले. "म्हणून तर चारदा आलो."

मग चहाकडे बघतच बोलले. "माझ्या निखिलने अशीच एक मुलगी मारली. साताऱ्यात. प्यायला होता, गाडी तोच चालवत होता. सात वर्षं तुरुंगात होता. मी एकदाही भेटायला गेलो नाही."

दह्याचा सगळा उलगडा झाला आणि माझीच मला लाज वाटली.

"त्या मुलीचे वडील कोर्टात माझ्याच बाकावर बसायचे. वाटायचं, यांनी एकदा माझी कॉलर धरावी. नाही धरली. एकदा मला ठसका लागला तर त्यांनी स्वतःची पाण्याची बाटली पुढे केली. शिट्टी त्यांच्यासाठी असते. ते उभं राहणं..." पुढचं त्यांनी चहाबरोबर गिळलं.

मी चहाचे पैसे देऊन आलो.

"परवा निखिलचा फोन आला. सुटला. 'बाबा, येऊ का?' म्हणाला. मला हो म्हणवेना, नाही म्हणवेना. मी गप्प राहिलो, आणि तो गाडीत बसला. उद्या हावड्याला उतरतोय."

"मग?"

"त्याला घरात घेतलं तर त्या मुलीच्या बापाला काय तोंड दाखवू? आणि नाही घेतलं तर..." रिकामं भांडं त्यांनी तसंच हातात धरून ठेवलं. "उद्या मोकळा आहेस?"

"का हो?"

"फलाटावर माझ्याबरोबर उभा राहशील? एकट्याला नाही जमणार."

भरल्या थिएटरात एकटे उभे राहणारे सबनीस काका मला हे विचारत होते. मी त्यांच्या हातातलं भांडं काढून घेतलं आणि गाडी किती वाजता येते ते विचारलं.