कॅसेटमधल्या माझ्या आठ टाळ्या

ठाण्यापासून कल्याणपर्यंत ‘मैना मिठागराची’ ही कॅसेट ज्याला माहीत नाही असा एक माणूस आणून दाखवा, मी मिशी उतरवून देतो! मी मिशी ठेवत नाही, तो भाग वेगळा.

आणि त्या कॅसेटमधलं तिसरं गाणं? ‘थांब गो मैना’! ते वाजल्याशिवाय आमच्याकडे नवऱ्याला हळद लागत नाही. त्यात कमळाबाई ‘थांब गो मैना, थांब’ म्हणतात आणि सगळं एकदम बंद. ढोलकी बंद, पेटी बंद, बाई बंद. नाचणारे सगळे हात वर करून जिथल्या तिथे पुतळे! आठ मात्रा शुकशुकाट, आणि मग ढोलकी जी कडाडते, की खुर्चीत बसलेले मधुमेही आजोबासुद्धा उठतात. त्या आठ मात्रांत जो हलला त्याला सगळ्यात जास्त हळद फासायची, हा इथला कायदा आहे. एका पुरवणीत या शांततेवर अर्धं पान लेख आलेला. मी तो लॅमिनेट करून ठेवलाय.

कारण, मंडळी, त्या गाण्यात मी आहे!

होय, मी. सुदेश परब, वर्तकनगर. एकोणनव्वद साली टेंभी नाक्याजवळ एका दुकानाच्या माळ्यावर, भिंतींना गाद्या बांधून, हे गाणं रेकॉर्ड झालं. त्यांच्या पेटीचा भाता फाटला म्हणून माझ्या मामांची पेटी मागवलेली. ती घेऊन मी गेलेलो आणि परत न्यायची म्हणून थांबलेलो. टाळ्या वाजवणाऱ्या गणूचा हात नेमका त्या दिवशी चहाने भाजला. रेकॉर्डिंग करणारे गोविंदाभाऊ माझ्याकडे वळून म्हणाले, “तू वाजव रं. मी बोट वर केलं की आठ टाळ्या.” त्यांनी बोट वर केलं, मी वाजवल्या. इतिहास घडला!

पुढच्या छत्तीस वर्षांत तो इतिहास थोडा वाढला, हे मान्य. टाळ्यांचं ‘तालसाथ’ झालं, तालसाथीचं ‘संगीत संयोजनात सहभाग’. सोसायटीच्या हॉलमध्ये मी ‘मैनेची जन्मकथा’ या विषयावर चार वेळा बोललोय. गाण्यात टाळ्या बऱ्याच आहेत. वाजवताना माझं सगळं लक्ष त्या बोटाकडे, त्यामुळे त्यातल्या दुसऱ्या कडव्यातल्या माझ्या, असं मी पहिल्यापासून धरून चाललेलो. लग्नाआधी पोहे खाताना भावनाला मी हेच सांगितलेलं. तिने होकार टाळ्या ऐकून दिला असं माझं म्हणणं. पोहे तिच्या आईने केलेले म्हणून मी होकार दिला असं तिचं. पण चारचौघांत तीसुद्धा अभिमानाने सांगायची, “आमचे हे मैनेत आहेत ना!” ते ऐकलं की मला खरंच बरं वाटायचं. बँकेत क्लार्क म्हणून लागलो आणि क्लार्क म्हणून रिटायर झालो. माझ्याकडे सांगण्यासारखं दुसरं होतं काय?

तर आमच्या मुलीने, सान्वीने, ऑफिसातला मुलगा पसंत केला. नयन. बाळकुमचा. घरचे आगरी, आजोबांची मिठागरं होती, आता तिथे टॉवर. मुलगा गुणी, घर चांगलं. आम्ही बैठकीला गेलो. चहा झाला, आणि आतून नऊवारीतल्या एक म्हाताऱ्या बाई काठी टेकत आल्या.

“ही माझी आजी,” नयन म्हणाला. “काका, तुम्ही नाव ऐकलं असेल. कमळाबाई. ती मैनेची कॅसेट...”

माझ्या हातातली बशी वाजली. ती मात्र तालात वाजली.

“अगंबाई!” भावना ओरडलीच. “अहो, तुमची मैना! आजी, आमचे हे आहेत त्यात!”

कमळाबाईंनी चष्मा वर केला, खाली केला. “कोन? ह्ये? मना त आठवत नाय बाबा.”

“टाळ्या,” मी म्हणालो.

“नुसत्या टाळ्या नाही,” भावना म्हणाली, “सगळं संयोजनच यांचं.”

विषय बदलावा म्हणून मी माझ्या व्याख्यानातलं एक वाक्य सोडून दिलं, “आजी, तुमच्या आवाजातली ती खरखर! खाडीच्या खाऱ्या वाऱ्याची!”

“कुठला वारा?” आजी म्हणाल्या. “सकालपासून सासूशी भांडून गेलेली मी. घसा बसलेला.”

चार व्याख्यानांपैकी एक तिथेच पाण्यात गेलं. वर आजींनी निकाल दिला, “हलदीला माझा भाव येनार हाय, गोविंदा. रेकॉर्डिंगवाला. त्याच्यासमोर वाजवा तुमच्या टाल्या. तो कान बंद करून पन वलखल!”

सगळे हसले. मीही हसलो. हसायला दुसरं कारण नव्हतं.

परतताना रिक्षात भावना म्हणाली, “नीट वाजवा हं. आता ती सान्वीच्या सासरची माणसं आहेत. आपला माणूस थापाड्या निघाला असं व्हायला नको.” पोरगी त्या घरात जायची आणि पहिल्याच दिवशी तिच्या बापाची थाप उघडी पडायची!

दुसऱ्या दिवसापासून सराव सुरू. फोनवर गाणं लावायचं, दुसऱ्या कडव्याला टाळ्या. भावना मोजायची.

“पहिली एवढी उशिरा का?”

“ती आधी मनात वाजली.”

“मग या दोन एकदम का?”

“जोडटाळी! जुनी पद्धत आहे.”

“आणि ही शेवटची? आठ म्हणालात ना? नऊ झाल्या.”

“वय झालं माझं!”

“टाळीचं वय होतं होय?”

दहा दिवस हेच. पहिली उशिरा, मधे दोन चिकटलेल्या, शेवटी एक फुकट. पोळीवर तूप वाढावं तशी ती नववी टाळी दर वेळी पडायचीच. खालच्या मजल्यावरचा प्रफुल्ल वर येऊन विचारून गेला, “सुदेशकाका, कबुतरांचा फार त्रास आहे का?” भावना नुसती माझ्याकडे बघत राहिली, आणि त्या बघण्यात मला एवढ्या वर्षांत पहिल्यांदा शंका दिसली. ते मला फार लागलं.

हळदीचा दिवस उजाडला. बाळकुमच्या मैदानात मांडव, संध्याकाळी पाचलाच माणसांचा पूर! मी ठरवलं होतं, मागच्या खांबाआड उभं राहायचं आणि पोट बिघडल्याचं सांगायचं. पण नयनने माइकवरून पुकारा केला, “आपल्यात आज मैनेचे एक मूळ कलाकार आहेत! सान्वीचे पप्पा!” चार जणांनी मला उचलल्यासारखं करून स्टेजवर ठेवलं. समोर पहिल्या रांगेत कमळाबाई. शेजारी पांढरा सदरा, पांढरे केस, डोळे मिटलेले एक म्हातारे. गोविंदाभाऊ!

गाणं लागलं. दुसरं कडवं आलं. मी टाळ्या वाजवल्या, पण मांडवात सहाशे माणसं टाळ्या वाजवत होती, त्यात माझ्या कोण ऐकतो? मला एकदम हायसं वाटलं. वाचलो! सान्वी हसत नाचत होती, भावनाचा चेहरा निवळला होता. मीही कंबर हलवली.

तेवढ्यात गाण्यातल्या कमळाबाईंचा आवाज आला, “थांब गो मैना, थांब!”

आणि गोविंदाभाऊंनी डोळे मिटूनच, सवयीने, बोट वर केलं.

मंडळी, माझा दोष नाही! माळा, गाद्या, मामांची पेटी, सगळं डोळ्यांसमोर आलं. सहाशे माणसं पुतळे. मांडवात टाचणी पडली तरी ऐकू यावी. आणि त्या शांततेत माझे हात आपोआप उठले.

ठाप. ठापठाप. ठाप... ठाप... ठाप... ठाप... ठाप. आणि मग, सगळं संपल्यावर, ठाप!

ढोलकी कडाडली, पण कुणी नाचलंच नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. नयनच्या हातातली हळदीची वाटी तिरकी झाली. सान्वीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं, मांडवाच्या खांबात शिरता आलं तर किती बरं.

आणि गोविंदाभाऊ ताडकन उठले. डोळे उघडे, बोट माझ्यावर! “बंद कर तो डीजे! अरं, ह्याच! ह्याच त्या टाल्या! नववी! ही नववी टाली मी जन्मात इसरनार नाय!”

“म्हणजे हे खरंच होते?” भावना धावत पुढे आली.

“व्हते म्हंजे काय! आठ सांगितल्या, ह्याने नऊ मारल्या. त्या पन बेताल! तिथं दुसरं काय वाजतच नव्हतं गो, नुसत्या ह्याच्या टाल्या. घरी सोडला ह्याला आनि आधी त्या पुसल्या. म्हटलं मी सोता वाजवतो. तर पुसल्या पुसल्या लाइट गेली! लाइट येते तवर कंपनीचा मानूस टेप घेऊन पसार. कॅसेट तशीच निघाली. मधे भोक!”

“म्हणजे ती शांतता...” नयन म्हणाला.

“कसली शांतता? ह्याच्या टाल्यांची जागा ती!”

मी भावनाकडे बघायचं टाळत होतो. छत्तीस वर्षं ज्या गाण्यावर मी छाती फुगवली, त्यातून मला पुसून टाकलेलं होतं. त्या लॅमिनेट केलेल्या लेखाचं आता काय करायचं, तेही सुचेना.

मग कमळाबाई काठी आपटून हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांत पाणी. “आगं, कंपनीवाला बोललेला, बाई, तुमची कॅसेट त्या थांबन्यावर खपली! पोरांना तेच आवडलं! ह्यांनी धड वाजवल्या असत्या त मना कोन वलखलं असतं?” आणि त्यांनी स्वतः मूठभर हळद घेऊन माझ्या दोन्ही गालांना फासली. हललो होतो ना मी, कायदाच होता! मग सान्वीने फासली, नयनने फासली, गोविंदाभाऊंनी तर जुनी बाकी असल्यासारखी डोक्यावर चोळली. गाणं पहिल्यापासून लावलं आणि थांबण्याच्या जागी सहाशे माणसांनी माझ्याकडे बोटं केली.

घरी जाताना रिक्षात मी पिवळाजर्द. भावना म्हणाली, “अहो, थापाड्या नाही निघालात. होतातच की तिथे.”

“होतो,” मी म्हणालो. “पण पुसलेला.”

“असू दे. पुसल्याशिवाय का एवढं गाजलात?” आणि तिने पदराने माझ्या कानामागची हळद पुसली. फार बरं वाटलं मला.

परवाच डोंबिवलीला एका हळदीला गेलेलो. गाणं लागलं, ‘थांब’ आलं, सगळे पुतळे. शेजारी एक अनोळखी गृहस्थ एका पायावर तोल सांभाळत उभे. मला काही राहवलं नाही. मी त्यांच्या कानाशी लागलो, “ऐकलंत? तो मी!”

ते ओठ न हलवता म्हणाले, “कोण? मला तर काहीच ऐकू आलं नाही.”

“अहो,” मी म्हणालो, “तोच तर मी!”